बारक्या वाद्यांचं गाव

नवरात्रातली संध्याकाळ. निलंग्यात एका गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे हलगीवाले कडब्याची चार धाटं पेटवून उकिडवे बसले होते. हलगीचं तोंड जाळाकडे धरायचं, मनगट गोल फिरवायचं, कातडं एका जागी रेंगाळू द्यायचं नाही. मग ती कानाजवळ नेऊन बोटानं टिचकी. आवाज भिजल्यासारखा आला की पुन्हा जाळावर. तिसऱ्या खेपेला टिचकीला 'टण्ण' असं उत्तर आलं आणि पलीकडच्या ओट्यावर झोपलेलं लेकरू दचकून उठलं. मी विचारलं, "मामा, मेळ्यातल्या बाया कुठल्या पट्टीत गाणार हे न बघताच हलगी लावली की तुम्ही?" ते म्हणाले, "पट्टी पेटीला असती. हलगीला नसती. कुणीबी गावं, कसंबी गावं."

त्या रात्री आराध्यांच्या मेळ्यात तुळजापूरच्या आईची गाणी झाली. त्यातलं एकही आज मला पूर्ण आठवत नाही. पण ओळ संपली की संबळ थांबायचा, झांज थांबायची आणि एकटी हलगी तीन ठोके देऊन गाणं पुन्हा उचलायची. ते तीन ठोके अजून माझ्या बोटांत आहेत.

गाणं लक्षात कशानं राहतं, असं विचारलं तर आपण चाल सांगतो, शब्द सांगतो, गळा सांगतो. पण मित्राला एखादं गाणं ओळखायला लावायचं असेल तेव्हा आपण काय करतो? 'चुरा लिया है तुमने' सांगताना हात आपोआप पाण्याच्या ग्लासाकडे जातो आणि चमच्यानं 'किण् किण्' होतं. लावणी सांगताना तोंडून आधी ढोलकीचे आणि तुणतुण्याचे बोल निघतात. गाण्याचा हा सगळ्यात लहान तुकडा, ज्याला श्रेयनामावलीत बहुधा जागा नसते, तोच गाण्याची खूण होऊन बसतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: मोठी वाद्यं गाण्याला देह देतात, बारकी वाद्यं त्याला गाव देतात. या वाद्यांचा आढावा घेताना त्या गावांपर्यंत आणि तिथल्या वाजवणाऱ्यांपर्यंत जावंच लागतं.

पट्टी नसण्याचं बळ

आपल्याकडे वाद्यांची वाटणी फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग आहेत: तारेची, फुंकीची, कातड्यानं मढवलेली आणि एकमेकांवर आपटून वाजणारी. पश्चिमेत हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये जगातल्या वाद्यांचं वर्गीकरण केलं, तेही मूळ चार वर्गांचंच. आणि मराठवाड्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत बसून शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्याचा अख्खा सहावा अध्याय वाद्यांचा आहे. कोणतं लाकूड, कोणतं कातडं, किती लांबी, कोणता हात कुठे, हे त्यानं बारकाईनं नोंदवलं.

हलगीवाल्या मामांचं उत्तर शास्त्राच्या बाजूनंही खरं आहे. साधं कातडं ताणून ठोका दिला की त्यातून अनेक कंपनं एकदम निघतात आणि ती एकमेकांच्या पटीत नसतात. कानाला ठोका कळतो, स्वर नीट कळत नाही. तबल्याच्या किंवा मृदंगाच्या पुडीवर शाई चढवली की ही कंपनं शिस्तीत येतात आणि स्वर ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये याविषयी लिहिलं होतं. ढोलकीच्या एका पुडीला शाई असते, म्हणून ढोलकीवाल्याला गाणारीचा स्वर विचारावा लागतो. हलगीला, दिमडीला शाई नाही. म्हणून त्या कुणाच्याही गळ्याखाली, कोणत्याही पट्टीत बिनधास्त शिरतात आणि कुणाशी भांडत नाहीत.

दुसरं बळ ठोक्याच्या धारेत आहे. व्हायोलिनचा स्वर हळूहळू उगवतो. हलगीचा, चिपळीचा, झांजेचा आवाज उगवत नाही, तो थेट येऊन पडतो. कान अशा अचानक आवाजाकडे आधी वळतो, कारण माणसाच्या जिवाला धोका सांगणारे आवाजही असेच अचानक येतात. तिसरं कारण आहे मोजकेपणाचं. तबला गाणंभर वाजतो, म्हणून तो पाण्यासारखा होतो. बारकं वाद्य चार ठिकाणी येतं, म्हणून त्या चार जागा मनात खिळ्यासारख्या बसतात.

कातडं

हलगी म्हणजे एक कडं आणि त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, एवढाच ऐवज. डाव्या हातात कडं आणि त्याच हातात लांब लवचीक काडी, उजव्या हातात आखूड जाड टिपरू. टिपरू मोठे ठोके देतं, काडी त्यांच्यामधली जागा बारीक कडकडाटानं भरते. हाताच्या बोटांनी कातड्याची कड दाबली की आवाज मिटतो, सोडली की उघडतो. थंडी-पावसात कातडं हवेतला ओलावा पितं आणि ढिलं पडतं. जाळ त्याला कोरडं करतो, ताण वाढतो, आवाज चढतो. म्हणून हलगीवाल्याच्या बरोबरीनं जाळही वादकच असतो.

निलंगा कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे हे वाद्य एका भाषेचं नाही हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. कन्नड गावात ती 'हलगे', तेलंगणात तिचं भावंड 'डप्पू', तमिळ मुलखात 'परै'. बस बदलली तरी ठेका ओळखीचाच राहतो. आमच्या गावांत हलगी लग्नात वाजायची, कुस्तीच्या फडात वाजायची, दवंडीला वाजायची आणि मयतालाही वाजायची. प्रत्येकाचा ठेका निराळा. घरात बसलेल्या म्हातारीला नुसत्या आवाजावरून कळायचं की पोरं फडाकडे निघालीत की कुणी गेलं.

संबळाचा रंग वेगळा. दोन लहान नगारे एकमेकांना जोडलेले, कमरेला बांधलेले, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खोल. दोन काड्यांपैकी एक सरळ, दुसरी टोकाला वाकवलेली. वाकडी काडी खोल पुडीवर पडली की आवाज नुसता फुटत नाही, तो किंचित ओढला जातो आणि घुमतो. गोंधळ्याच्या संबळाला जो हुंकार असतो तो या वाकड्या टोकातून येतो. रेणुराई गोंधळी माहूरच्या रेणुकेचे, कदमराई तुळजाभवानीचे. आमच्या भागात लग्नानंतर घरी गोंधळ घालायची रीत आहे. दिवटी पेटते, कवड्यांच्या माळा चमकतात आणि पहिला संबळ पडताच अंगणात बसलेल्यांची पाठ ताठ होते. राजारामबापू कदम यांच्यासारख्या परभणीच्या गोंधळ्यानं हीच कला मोठ्या मंचांवर नेली.

खंडोबाच्या वाघ्याच्या हातात दिमडी असते. तळहाताएवढी म्हणावी इतकी लहान, पण वाघ्या तिच्यावर बोटं नाचवतो तेव्हा ती ढोलकीची जागा घेते. जोडीला तुणतुणं आणि मुरळीच्या हातातली घाटी. नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत हा मेळ अजून ऐकायला मिळतो. जनावरांचा बाजार, लावणीचे फड, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा आणि त्यातून घाटीची किणकिण. छगन चौगुले यांच्या खंडोबा-बानूच्या गाण्यांच्या कॅसेटी घराघरांत वाजल्या त्या काळात हाच आवाज टेपरेकॉर्डरमधून स्वयंपाकघरात पोचला.

नंदीबैलवाल्याच्या गुबगुबीला तर ठोक्याचं वाद्यच म्हणता येत नाही. तिच्या एका पुडीवर वाकडी काठी घासली जाते आणि 'गुबू गुबू' असा आवाज निघतो. आवाजावरूनच तिला नाव पडलं. दक्षिणेतली उरुमी अशीच घासून वाजते आणि तमिळ चित्रपटगीतांनी तिला ओळख मिळवून दिली. आमच्या गुबगुबीला तो मान मिळालेला नाही, याची मला खंत आहे. नंदी दारात आला की लेकरं पळत बाहेर यायची ती नंदीच्या मानेआधी त्या घासल्या आवाजाला भुलून.

तार आणि तात

तुणतुणं ही मराठी माणसाची सगळ्यात मोठी काटकसर आहे. लाकडाचं नळकांडं, तळाला कातडं, बाजूला एक काठी, काठीला खुंटी आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत एकच तार. लाकडाच्या तुकड्यानं ती छेडायची. एका तारेत दोन कामं: गाणाऱ्याला षड्जाचा आधार आणि फडाला लय. पोवाड्यात शाहिरामागे उभा असलेला तुणतुणेवाला 'जी जी' करतो, पण तो हटला तर शाहिराच्या पायाखालची जमीन सरकते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकानं १९४४ पासून गिरणगावात जे उभं केलं, त्यात डफ आणि तुणतुण्याचा हा जुना संसार नव्या विचारांच्या कामाला लागला.

चौंडकं तुणतुण्याच्या जातीचं, पण तारेऐवजी तात. नळकांडं काखेत दाबायचं, कातड्याच्या मधोमध ओवलेली तात डाव्या हातानं ताणायची आणि उजव्या हातानं छेडायची. ताण वाढवला की स्वर चढतो, सोडला की घसरतो, तोही पायऱ्यांनी नव्हे, सलग. म्हणून चौंडकं बोलतं, हुंदका देतं, प्रश्न विचारतं. यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींच्या गाण्यात त्याची जागा दुसरं कोणतंही वाद्य घेऊ शकत नाही. बंगालच्या बाउलांकडे खमक नावाचं त्याचं सख्खं भावंड आहे. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' या २००९ च्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी याच मुलखाचं संगीत उचललं आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या शहरातल्या पोरांनी 'ते काखेतलं वाद्य कोणतं' असं विचारलं, हा माझ्या मते त्या संगीताचा आणखी एक पुरस्कार.

भीमजयंतीच्या मिरवणुकीत आणि गणपतीत वाजणारा बेंजो परका म्हणून आला आणि घरचा झाला. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून तैशोगोतो केलं. तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झालं आणि आमच्या बोलीत बेंजो. कळ दाबायची, तार छेडायची, स्वर आपोआप जागेवर. संगीत शिकायला ज्यांना कुणी शाळा दिली नाही त्या पोरांना हे वाद्य वरदान ठरलं. वस्त्यावस्त्यांत बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या आणि भीमगीतांना एक लखलखता, किंचित कापरा स्वर मिळाला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट केला आणि त्यात बेंजोवाला झाले आमच्या लातूर जिल्ह्याचे रितेश देशमुख.

धातू, लाकूड, माती

टाळ काशाचे, म्हणजे तांबं आणि कथील मिळून झालेले. कथलामुळे धातू कठीण होतो आणि नाद लांबतो. दिंडीत पखवाज मार्ग दाखवतो, पण हजार माणसांना एका पावलात आणतो तो टाळ. वासुदेवाच्या हातात टाळ, चिपळ्या, कमरेला पावा आणि पायात घुंगरू: एकच माणूस चार वाद्यांचा मेळ घेऊन पहाटे दारात उभा राहतो. कडकलक्ष्मीवाल्याचा आसूडही मी वाद्यातच धरतो. बाई ढोलकं वाजवत असते आणि आसूड हवेत कडाडतो तो बरोबर समेवर.

बायकांच्या वाटेला वाद्यं फारशी आली नाहीत, म्हणून त्यांनी घरातल्या वस्तूंनाच वाजतं केलं. जात्याची घरघर हा ओवीचा तानपुरा आणि ठेका दोन्ही. पाळूचा फेरा जिथे जड होतो तिथे ओवीचा आवाज दबतो, फेरा सुटला की ओवी मोकळी होते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या ज्या ध्वनिमुद्रित आहेत त्या ऐकताना शब्दांआधी ही घरघर काळजात शिरते. कागदावर छापलेल्या ओवीत ती नसते आणि तेवढी ती ओवी अर्धी राहते.

कोकणस्थ घरांत नवरात्राच्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे बायका घागरी फुंकतात. घागरीच्या तोंडावर तिरकी फुंकर मारली की आतली हवा स्प्रिंगसारखी हलते आणि खोल हुंकार निघतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं हे तत्त्व ओळखलं जातं. 'शोले' (१९७५) मधल्या 'मेहबूबा मेहबूबा'ची सुरुवात राहुलदेव बर्मन यांनी बाटल्यांत फुंकून केली तेव्हा विज्ञान तेच होतं. माजघरातल्या घागरीचा हुंकार आणि डाकूंच्या तळावरचा तो गूढ आवाज एकाच आईची लेकरं आहेत.

गोव्याचं घुमट मातीचं. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण मिळालं आणि घुमटवाल्यांना शेळीच्या कातड्याकडे वळावं लागलं. आवाज बदलला, वाद मिटले नाहीत, पण कारागिरांनी वाद्य मरू दिलं नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. ही गोष्ट आमच्यासाठी महत्त्वाची, कारण कायदा पाळूनही वाद्य जगवता येतं याचा तो पुरावा आहे.

आणि ऐरण. 'साधी माणसं' हा भालजी पेंढारकरांचा १९६५ चा चित्रपट. 'ऐरणीच्या देवा तुला' हे जगदीश खेबुडकरांचं गीत, आनंदघन या नावानं लता मंगेशकरांनी दिलेलं संगीत आणि त्यांचाच आवाज. त्या गाण्यातून घणाचा नाद काढून घ्या आणि मग ऐका. चाल तेवढीच गोड राहील, पण लोहाराची पालं नाहीशी होतील. इटलीच्या व्हेर्दीनं १८५३ मध्ये 'इल त्रोवातोरे' या ऑपेरात रंगमंचावर ऐरणी वाजवल्या आणि गुस्ताव मालरनं १९०६ मध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या सहाव्या सिम्फनीत गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाद्यवृंदात आणल्या. शंभर वादकांचा ताफा हाताशी असलेल्या माणसालाही डोंगर दाखवायला शेवटी गाईच्या गळ्यातली घंटाच लागली.

स्टुडिओत आलेलं गाव

हिंदी चित्रपटगीतांनी या विद्येचा पुरेपूर उपयोग केला, आणि त्यात मराठी हात बरेच होते. लाला गंगावणे यांची ढोलकी अनेक गाण्यांच्या पाठीशी आहे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात मारुतीराव कीर होते. अमृतराव काटकर होते, ज्यांनी रेसो रेसो हे दक्षिण अमेरिकेतलं खाचा पाडलेलं, काठीनं घासायचं वाद्य असं काही वाजवलं की तो आवाज बर्मन यांच्या गाण्यांची सही होऊन बसला. एका मराठी माणसानं परदेशी घासवाद्याला हिंदी गाण्याच्या मध्यभागी आणावं, यात मला आमच्या गुबगुबीचा दूरचा नातेवाईक दिसतो.

'पडोसन' (१९६८) मध्ये कंगवा घासला गेला, 'यादों की बारात' (१९७३) मध्ये काचेचा ग्लास किणकिणला, 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मध्ये रणजित गजमेर यांचा नेपाळी मादल आला. त्याआधी 'नागिन' (१९५४) मध्ये हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजी यांनी क्लेव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून पुंगी काढली आणि देशभरातले गारुडी तीच चाल वाजवू लागले. ओ. पी. नय्यर यांच्या टांग्याच्या गाण्यांत घोड्याच्या टापांचा ठेका आहे. या प्रत्येक ठिकाणी एकच युक्ती दिसते: सगळा वाद्यवृंद जमवल्यावर संगीतकारानं एक कोपरा रिकामा ठेवला आणि तिथे एक लहान, हट्टी, अनोळखी आवाज बसवला.

मराठीत ही युक्ती करावी लागली नाही, कारण वाद्यं अंगणातच होती. वसंत पवारांचं 'सांगत्ये ऐका' (१९५९), राम कदमांचा 'पिंजरा' (१९७२): तमाशाच्या बोर्डावरचा ढोलकी-तुणतुण्याचा संसार त्यांनी मायक्रोफोनपुढे आणला, तोही त्याचा खरखरीतपणा न घालवता. 'जैत रे जैत' (१९७७) मध्ये जब्बार पटेल, ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी ठाकरांचा डोंगर उभा केला. त्या कथेचा नायक नाग्या ढोल वाजवणारा आहे, म्हणजे वाद्य तिथे साथीला राहिलं नाही, कथेच्या मध्यभागी आलं. 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) मधली मल्हारवारी, 'नटरंग' (२०१०) मधली ढोलकी आणि पुढे 'सैराट' (२०१६) इथपर्यंत ही वाट अजय-अतुल यांनी रुंद केली. 'सैराट'साठी त्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तरी लोक थिएटरात खुर्च्या सोडून नाचले ते वरातीच्या ठेक्यावरच्या 'झिंगाट'ला. मला वाद्यवृंदाचा राग नाही, 'याड लागलं'मधली व्हायोलिनं मला आवडतात. पण खुर्चीतून उठवायची ताकद कुठून आली हे विसरता येत नाही.

वाजवणाऱ्याचा प्रश्न

इथवर गोड गोड लिहून थांबलो तर हा आढावा खोटा ठरेल. हलगी वाजवणं हे पिढ्यानपिढ्या ज्यांच्या वाट्याला आलं त्यांना ती कला म्हणून मिळाली नव्हती, गावकीचं काम म्हणून लादली गेली होती. लग्न गावाचं, हलगी त्यांची, आणि पंगतीत त्यांचं पान शेवटी, बाहेर. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक वस्त्यांनी ठरवून हलगी खाली ठेवली. मेलेली ढोरं ओढणार नाही, तशी गावकीची हलगीही वाजवणार नाही. तो निर्णय अभिमानाचा होता आणि योग्य होता. परै वाजवणाऱ्या तमिळ समाजालाही वाद्याच्या नावावरून जातीचं नाव चिकटलं, त्यांनीही हा प्रश्न भोगला, आणि पुढे त्यांच्यातल्याच तरुणांनी परै स्वाभिमानाचं वाद्य म्हणून परत हाती घेतली.

आमच्याकडे हे परतणं सुरू झालेलं दिसतं. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मधला जब्या जत्रेत हलगी घेऊन नाचतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गुलामी नसते, मोकळेपणा असतो. तो जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे हा मुलगा दिग्दर्शकाला गावात हलगी वाजवतानाच दिसला होता. हलगीवाल्याला हात जोडून बोलावणं, बसायला सतरंजी देणं, ठरलेली बिदागी हातात देणं आणि त्याचं नाव माइकवर घेणं, एवढं झालं तर वाद्य तेच राहूनही त्याचा अर्थ बदलतो.

दुसरा प्रश्न यंत्राचा. आज कीबोर्डवर, फोनवर हलगीचे, संबळाचे तयार तुकडे मिळतात. बोट ठेवलं की ठेका सुरू, आणि तो शेवटपर्यंत एका इंचानं हलत नाही. खरा वाजवणारा मात्र प्रत्येक आवर्तनात थोडा पुढे, थोडा मागे असतो. गाणारीचा श्वास अडला की तो ठोका लांबवतो, मेळ्यात कुणाच्या अंगात आलं की तो चढवतो. तयार तुकड्यात आवाज असतो, ऐकणं नसतं. शिवाय तो तुकडा कधीतरी कुणीतरी वाजवलेला असतो, आणि त्या कुणाला बहुधा आपला ठोका कुठल्या वरातीत वाजतोय याचा पत्ताही नसतो. वरातीतली हलगी आधी डीजेनं बाहेर काढली. आता डीजेच्या भिंतीतून तिचाच आवाज ऐकू येतो, माणसाशिवाय.

तिसरा प्रश्न कारागिराचा. कातडं कमावणारा, कडं घडवणारा, पुडी ओढणारा, टाळ ओतणारा यांच्यापैकी एक जरी साखळीतून गळला तरी वाजवणारा हतबल होतो. म्हणून आता प्लॅस्टिकच्या पानाच्या हलग्या आल्या आहेत. पावसात त्या ढिल्या पडत नाहीत, जाळ लागत नाही. मिरवणुकीत भिजत वाजवणाऱ्या पोरांची सोय मी नाकारणार नाही. पण त्यांचा आवाज कोरडा, वरवरचा असतो. कातड्यातला जो किंचित मऊपणा ठोक्यामागून येतो, तो त्यात नाही.

जतनाचं काम झालंच नाही असंही नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा मोठा संग्रह आहे. रा. चिं. ढेरे यांनी गोंधळी, वासुदेव, वाघ्या यांची परंपरा उलगडून दाखवली, अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताला शास्त्राची भाषा दिली, आमच्या मराठवाड्याच्या प्रभाकर मांडे यांनी गावगाड्याबाहेरच्या माणसांचं जगणं नोंदवलं. पण काचेच्या कपाटातला संबळ वाजत नाही. आणि पुस्तकात ठेक्याचे बोल लिहिता येतात, वाकड्या काडीची ओढ लिहिता येत नाही. ती हातातून हातातच जाते.

म्हणून मागणं साधं आहे. गाण्याखाली गायक-संगीतकारांच्या नावांसोबत संबळ कुणाचा, चौंडकं कुणाचं, तेही छापावं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तयार ध्वनिफीत लावण्याआधी गावातल्या वाजवणाऱ्याला मानानं बोलवावं आणि मानधन द्यावं. शाळेत पेटी-तबला शिकवतात तिथे आठवड्यातला एक तास हलगीला द्यावा, आणि तो कोणत्याही एका जातीच्या लेकरांपुरता नसावा. हलगीवरचा जुना डाग पुसायचा मला तरी हाच रस्ता दिसतो.

त्या रात्री मेळा उठायला पहाट झाली. मामा हलगी पिशवीत घालत होते. गाणाऱ्या बायांची नावं मला ठाऊक होती, संबळवाल्याचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. मामांना मात्र मी संध्याकाळपासून मामाच म्हणत होतो. त्यांचं नाव विचारलं तेव्हा ते क्षणभर थांबले, मग नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि हलगी मढवून देणाऱ्याचंही सांगितलं. मी ती तिन्ही नावं वहीत लिहून घेतली. येत्या नवरात्रात ती वही घेऊनच मेळ्याला जाणार आहे.